चावलेली नाशपाती

मिस्त्रींनी नाशपातीला चावा कोरला तो मंगळवारी दुपारी, पूर्ण शुद्धीत आणि चष्मा लावून. हे आधीच सांगून टाकलेले बरे, कारण पुढचे तीन-चार दिवस त्यांनी याबद्दल इतक्या थापा मारल्या की त्यांचा त्यांनाच मेळ लागेना.

काम मोठे होते. चर्चच्या वेदीमागची भिंत उघडी पडली होती आणि तिथे जीवनाचे झाड बसवायचे ठरले होते. अक्रोडाच्या सात फळ्या जोडून केलेले, दोन पुरुष उंच, मुळाशी नदी आणि वर फांद्यांचा पसारा. फादरांनी सूचनांचा कागदच करून दिला होता. फळे बारा जातींची, दर महिन्याला एक. पाने मोठी, कारण ती सगळ्या राष्ट्रांच्या दुखण्यांवर औषध म्हणून आहेत. आणि शेवटी, खाली दोन रेघा मारून, साप नको.

"साप त्या दुसऱ्या झाडावर," फादर म्हणाले होते. "लोक हमखास घोटाळा करतात. बागेत झाडं दोन होती, मिस्त्री. एकाचं फळ त्या नवराबायकोने खाल्लं आणि पुढचं सगळं रामायण घडलं. आपलं हे जीवनाचं झाड. याचं खाल्लं असतं तर कायमचे जगले असते, म्हणून देवाने दोघांना बाहेर काढलं आणि वाटेवर करूब नावाचे देवदूत बसवले, आगीची तलवार देऊन."

"म्हणजे पहारा."

"पहारा. पुढे ती वाट क्रुसाने उघडली. क्रूस म्हणजे हेच झाड, असंही आमचे जुने लोक म्हणतात. आणि सगळ्याच्या शेवटी, ज्यांनी तग धरला त्यांना या झाडाचं फळ खायला मिळणार आहे."

"म्हणजे अजून कोणी खाल्लं नाही?"

"अजून नाही," फादर म्हणाले आणि चहा घ्यायला गेले. मिस्त्रींच्या डोक्यात मात्र तिथेच भुंगा शिरला.

मिस्त्रींची बायको जाऊन चौदा महिने झाले होते. भारी बाई. तिला एक खोड होती. घरात फळे आली की ती भांड्यातले एक उचलायची, एक घास घ्यायची आणि परत ठेवून द्यायची. मग दुसऱ्याचा एक घास. संपवायची मात्र एकही नाही. मिस्त्री चाळीस वर्षे ओरडले. "एक काय ते धड खा!" यावर ती म्हणायची, "मला सगळ्यांची ओळख हवी." आता भांड्यात फळे अखंड असतात आणि अखंडच सडतात. मिस्त्री आणतातही कमी.

अशा बाईला ज्या झाडावर बारा जातींची फळे आहेत तिथे पाठवायचे आणि वर सांगायचे की थांब, हात लावू नकोस, अजून वेळ आहे! हे मिस्त्रींना पटेना. आणि न पटलेली गोष्ट कोरायची त्यांना सवय नव्हती. म्हणून मंगळवारी त्यांनी डावीकडच्या तिसऱ्या फांदीवरच्या नाशपातीला बारीक गोल पटाशी लावली आणि एक घास काढून घेतला. वरच्या दातांच्या खुणा नीट उमटवल्या. एका ठिकाणी लाकूड तसेच उभे ठेवले, कारण तिथे तिचा दात अर्धा तुटलेला होता. मग परांचीवर बसून बराच वेळ हसले, नाक पुसले आणि खाली उतरले.

गुरुवारी कमिटी पाहायला आली. कमिटी म्हणजे खरे तर हेडबाई. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना नऊ वर्षे झाली होती, पण त्यांची नजर अजून नोकरीवर होती. बाकीचे "वा, वा" म्हणत उभे असताना त्या पर्समधून बॅटरी काढून परांचीवर चढल्या. फळे मोजली. बारा भरली. मग बॅटरी नाशपातीवर थांबली.

"मिस्त्री, या फळाला कोणीतरी चावलंय."

"गाठ होती बाई लाकडात. निखळून पडली."

"गाठ निखळली तर दातांच्या खुणा कशा राहतात?"

"मग उंदीर असेल."

"उंदराचा दात अर्धा तुटलेला?" हेडबाईंनी बॅटरी विझवली. त्यांनी मिस्त्रींच्या मुलीला चौथीत शिकवले होते आणि पालकसभेत तिच्या आईला हसताना पाहिले होते. तो दात त्यांनी ओळखला. पण बोलल्या त्या फादरांकडे बघून. "फादर, या झाडाचं फळ कोणी खाल्लेलं नाही, हीच तर सगळी गोष्ट आहे ना? की मी इतकी वर्षं मुलांना चुकीचं शिकवलं?"

फादरांचा चेहरा पडला. रविवारी बिशप येणार होते, झाडाला आशीर्वाद द्यायला, आणि हे बिशप याच विषयावर मोठे पुस्तक लिहून बसलेले. फादरांनी मिस्त्रींना बाजूच्या खोलीत नेले आणि दार लावले.

"कोणाचा चावा आहे ते मला विचारायचं नाही," ते म्हणाले. "मला कळलंय. पण मिस्त्री, त्या अजून तिथे पोचलेल्या नाहीत. सगळे थांबलेत. शेवटच्या दिवशी सगळे एकदम उठतील."

"फादर, माझी बायको थांबणाऱ्यांतली नव्हती. मी हात धुऊन येईपर्यंत तिचं अर्धं जेवण झालेलं असायचं."

"हा विनोदाचा विषय नाही."

"मी कुठे विनोद केला? खरंच व्हायचं."

फादरांनी कपाळाला हात लावला. ते वाईट मनुष्य नव्हते, फक्त बिशपना घाबरत होते. शेवटी त्यांनी निकाल दिला. शनिवारी दुपारी बारापर्यंत चावा बुजवायचा. नाही बुजवला तर झाडावर पडदा पडेल, बिशप पडद्याला आशीर्वाद देतील आणि सोमवारी सातही फळ्या उतरवून मिस्त्रींच्या दारात आणून ठेवल्या जातील.

घरी लेकीने सगळे ऐकून घेतले. कारखान्याचा कारभार आता तीच बघायची आणि हातही बापापेक्षा साफ होता. तिने अक्रोडाचा उरलेला तुकडा शोधला, रेषा जुळवून पाहिल्या आणि चाव्यात तंतोतंत बसेल असा ठोकळा तासायला घेतला.

"तू पण त्यांच्यातलीच," मिस्त्री म्हणाले.

"मी आईच्या बाजूची आहे. आयुष्यभर तोंडावर हात धरून हसली ती, त्या दातापायी. फोटो काढताना ओठ मिटून घ्यायची. आणि तुम्ही तो दात नेऊन वेदीच्या मागे लावलात, सगळ्या गावाने बघायला!"

हे मिस्त्रींच्या ध्यानातच आले नव्हते. त्यांनी पडलेल्या ढलप्या गोळा केल्या. मग हळूच म्हणाले, "तिथे तरी तिने कशाला हात धरावा?"

 लेकीने ठोकळा पुरा केला, कागदात गुंडाळला, सरसाच्या डब्यासोबत बापाच्या पिशवीत टाकला आणि बजावले, "उद्या बसवून या. झाड परत आलं तर ठेवायला जागा नाही आपल्याकडे."

शुक्रवारी सकाळी मिस्त्री परांचीवर चढले, सरस बाजूला ठेवला आणि काहीच केले नाही. अर्ध्या तासाने खालून कोणीतरी खाकरले. घंटा वाजवणारे काका होते. भिंतीला कान लावून राहणे हा त्यांचा जोडधंदा, त्यामुळे त्यांना सगळे ठाऊक होते.

"बुजवताय?"

"बघतोय."

काका घुटमळले. "माझा थोरला भाऊ गेला ना, पाच वर्षं झाली. अंजीर म्हणजे जीव की प्राण. तुमचं ते अंजीर तसंच आहे, वरचं. आता बुजवायचंच आहे म्हणता, तर एकाच्या जागी दोन बुजवा. एक दिवस तर एक दिवस."

"दात कसे होते?"

"तीच तर पंचाईत. एकही नव्हता."

मिस्त्रींनी विचार केला. हा खरा कारागिरीचा प्रश्न होता. "हिरड्यांची खूण करतो," ते म्हणाले. "अंजीर मऊच असतं." आणि त्यांनी अंजिराची एक बाजू अशी दाबून घेतली की काका खाली उभ्या उभ्या "अगदी, अगदी" करत राहिले. मग ते घंटा वाजवायला गेले आणि त्या दिवशी बाराचे ठोके चौदा पडले.

काकांच्या पोटात गोष्ट राहायची नाही. दुपारी ऑर्गन वाजवणारी आली. तिला आईसाठी सफरचंद हवे होते, पण चावलेले नको. आई फळ नेहमी चिरून खायची.

"तिथे सुरी मिळत असेल का, याची मला खात्री नाही," मिस्त्री म्हणाले.

"तिने स्वतःची नेली असणार. दुसऱ्याच्या सुरीवर तिचा विश्वास नव्हता."

सफरचंदाची एक फोड निघाली, सरळ आणि स्वच्छ. मग रांगच लागली. दवाखान्यातल्या कंपाउंडरला बायकोसाठी डाळिंब हवे होते, पण मोजून तीनच दाणे काढा, तिला त्याहून जास्त सोसत नसे. एक गृहस्थ वडिलांसाठी आले, त्यांना जर्दाळू पूर्ण खाऊन बी जागेवर ठेवायची सवय होती, तशी बी कोरून झाली. एका बाईची मुलगी सात वर्षांची होऊन गेली होती. तिच्यासाठी दोन दुधाच्या दातांची जागा सोडून बारीक चावा कोरताना मिस्त्रींचा हात थोडा थांबला. त्या बाईने चाव्यावर बोट फिरवून पाहिले, "हो, हेच दात पडले होते," म्हणाली आणि गेली. 

शनिवारी सकाळी दहापर्यंत बारांपैकी दहा फळांचा फडशा पडला होता. मिस्त्रींना कळत होते की हे प्रकरण गळ्याशी आलेय. एक चावा बुजवता आला असता. दहा बुजवायला महिना लागला असता, आणि बुजवायचे म्हटले तर काकांना, ऑर्गनवालीला आणि त्या बाईला काय सांगायचे? ज्या एका घासासाठी हे आरंभले, तो आता इतरांच्या घासांत सापडला होता. पडदा पडला तर सगळ्यांवरच पडणार होता.

तेवढ्यात हेडबाई आल्या. बॅटरी लावून त्यांनी झाड खालपासून वरपर्यंत पाहिले. मिस्त्री बोलणी खायची तयारी करून बसले.

"किती उरलीत?"

"दोन, बाई."

हेडबाईंनी बॅटरी पर्समध्ये टाकली, पर्सची चेन लावली, परत उघडली. शाळेत बोबडी वळलेली मुले त्यांनी पुष्कळ पाहिली असतील, पण त्यांची स्वतःची पहिल्यांदाच वळत होती.

"माझा धाकटा भाऊ," त्या म्हणाल्या. "तो इथे कधी यायचा नाही. देवाला शिव्या द्यायचा, मला तर रोज. दारू प्यायचा. तग वगैरे धरण्यातला तो नव्हता, मिस्त्री. फादर म्हणतात तसे शेवटी फळ मिळणारे असतील, त्यांत तो बसत नाही, हे मला माहीत आहे. मी शिकवते ते मला पाठ आहे." त्या थांबल्या. "पण लहानपणी तो फार चांगला होता हो. शेजारच्या बागेतली फळं पाडून आधी मला आणून द्यायचा."

"फाटकातून जायचा?"

"छे! भिंतीवरून."

मिस्त्रींनी झाडाकडे पाहिले. उजव्या बाजूची एक फांदी चौकटीच्या कडेपर्यंत गेली होती आणि तिच्या टोकाला एक लिंबू होते. त्यांनी सर्वांत मोठी पटाशी उचलली.

"चावा नको," ते म्हणाले. "पहाऱ्यासमोर बसून खाणारा माणूस नाही तो."

आणि त्यांनी ते लिंबू अख्खे तासून काढले. उरला फक्त देठ, आणि देठाशी एक पान उलटे फिरलेले, फळ घाईत ओढले की फिरते तसे. तासलेले लिंबू त्यांनी वरून खाली दिले. हेडबाईंनी दोन्ही हातांनी झेलले आणि पर्समध्ये टाकले. मग समोरच्या बाकावर जाऊन बसल्या आणि बारा वाजेपर्यंत हलल्या नाहीत. चेहरा शिक्षा झालेल्या मुलाचा होता आणि खुशीतही होता.

बाराला फादर आले. वर पाहिले. चष्मा पुसून परत वर पाहिले.

"मिस्त्री," ते म्हणाले, "एक चावा बुजवायला सांगितला होता."

"हो फादर."

"अकरा फळं का आहेत?"

मिस्त्रींनी तोंड उघडले, पण बाकावरून आवाज आला. "एक चोरीला गेलंय, फादर. चोर माझा भाऊ आहे. मुद्देमाल माझ्याकडे आहे."

हेडबाईंच्या तोंडून हे ऐकल्यावर फादर परांचीच्या शिडीलाच टेकले. मग त्यांनी झगा सावरला आणि वर चढले. "तुकडा द्या," म्हणाले. "मीच बसवतो. तुमच्या हातून होणार नाही हे."

मिस्त्रींनी कागद सोडून ठोकळा पुढे केला. आता त्यांना एकही थाप सुचेना. "फादर," ते म्हणाले, "ती तिथे पोचली नसेल तर नसेल. तुम्ही शिकलेले आहात. पण मग ती कुठे आहे ते मला सांगा. चौदा महिने मी कोणाला विचारू ते मला कळत नाही."

फादरांनी ठोकळा नाशपातीला लावून पाहिला. लेकीचा हात साफ, तो तंतोतंत बसला. दात गेला, खुणा गेल्या, नाशपाती पुन्हा गुळगुळीत झाली. जवळून पाहतानाही कळले नसते की इथे कोणी होते. फादर ठोकळा तसाच दाबून धरून उभे राहिले. सरसाचा डबा मिस्त्रींच्या पायाशी होता. तो त्यांनी मागितला नाही. थोड्या वेळाने त्यांनी हात खाली घेतला आणि ठोकळा झग्याच्या खिशात टाकला.

"बिशपनी विचारलं तर सांगेन, दुरुस्ती चालू आहे," ते म्हणाले. "हा पुरावा. किती दिवस चालेल?"

"माझ्या हयातीत तरी पुरी होत नाही, फादर."

"तसं मला वाटलंच."

खाली बाकावर हेडबाईंनी मोठ्याने नाक शिंकरले. फादर मात्र उतरेनात. एकेक फळ पाहत राहिले. दोन दुधाच्या दातांपाशी थांबले, डाळिंबाचे दाणे मोजले. मग अगदी वरच्या शेंड्याला, पानांच्या आड, त्यांना एक पेरू दिसला. त्याला कोणी हात लावलेला नव्हता.

"हा कसा सुटला?"

"तुमच्यासाठी ठेवला," मिस्त्री म्हणाले. "इथे सगळ्यांचं कोणी ना कोणी निघालं. म्हटलं, तुमचंही असेल. सांगा, हत्यारं अजून बाहेर आहेत."

फादरांनी पेरूवर हात ठेवला. 

"आई आहे माझी," ते म्हणाले. "एक्क्याण्णवची. पेरू आवडतो तिला." त्यांनी हात पटकन मागे घेतला, झाडाचा चटका बसावा तसा. "राहू द्या. पटाशी ठेवून द्या तुमची, आधी आत ठेवा बघू."

मिस्त्रींनी मुकाट्याने पटाशी पिशवीत घातली. शिडीच्या दोन पायऱ्या उतरून फादर परत थांबले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "उद्या ती पुढच्याच बाकावर बसेल. तिला यातलं काही सांगू नका हं, मिस्त्री. तिच्या नावाचा एक राखून ठेवलाय हे कळलं, तर ती लगेच निघेल."